दिलेली

शहापुरात, आमच्या प्रेसच्या माळ्यावर,
पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचं तिसरं प्रूफ.
तीन भाषा, एक पंखा,
आणि पान अकरावर पेरपेतुआबाईंची लाल पेन्सिल:
‘डेटा’पुढचा ‘इज’ खोडून ‘आर’.

चेअरमन हुक्केरी फोनवर तापलेत.
आकडे आमचे, कागद आमचा,
आणि एक का अनेक ते बाई सांगणार?
सगळी दुनिया इज म्हणतीय की हो!

बाई कॅम्पातल्या. वय चौऱ्याऐंशी.
लॅटिन लहानपणी चर्चमध्ये
गुडघ्यांवर बसून पाठ केलेलं.
चहात खारी बुडवत म्हणाल्या,
‘अजेंडा मी सोडला. तो गेलाच हातातून.
मीडियाही जाणार, दिसतंय मला.
पण डेटा सोडणार नाही.’

मी विचारलं, मुळात अर्थ काय हो त्याचा?
‘डेटम म्हणजे दिलेलं. एकच.
आणि डेटा म्हणजे…’
बाई मराठी शोधत थांबल्या.
घरात कोकणी, बाजारात कन्नड,
मराठी फक्त आमच्यासारख्यांपुरती.
मीच पुरवलं: दिलेली.
ते दिलेलं, ती दिलेली.

आणि जीभ तिथंच अडकली,
कारण दिलेली म्हणजे आमची सुलक्का.
गोकाकला दिलेली, एकोणऐंशी साली,
कन्नड घरात,
पाच भांडी आणि एक शिलाई मशीन सोबत.

बारा वर्षांनी शिरगणतीचे गुरुजी तिच्या दारात.
फॉर्मात रकाना: मातृभाषा.
सुलक्का म्हणाली, लिहा.
नवऱ्याशी कन्नड. देवाशी मराठी.
म्हशीशी जी तोंडात येईल ती.
पोरं दोन्हींत भांडतात.
गुरुजी म्हणाले, अक्का, रकाना एकच आहे.
मग शिसपेन्सिलीनं लिहा, म्हणाली ती.

त्यांनी काय लिहिलं, आम्हाला कधी कळलं नाही.
ते कुठल्याशा बेरजेत गेलं.
त्या बेरजेवर पुढं भाषणं झाली,
पाट्यांना डांबर लागलं, एसटीच्या काचा फुटल्या,
आणि त्यात कुठंतरी, खाली,
सुलक्कानं दिलेलं एक.

माहेरी आली की दारातूनच ओरडायची,
‘ना बंदे ग, आई!’
आतून आई विचारायची, कोण आलं?
नपुंसकलिंगी. कोण ते ठरायचं असतं ना अजून.
मग ओट्यावरून अण्णा उठायचे,
एकटेच उठायचे, तरी उठायचे,
एवढ्या अनेकवचनावर
आमच्या घरात कुणी पेन्सिल चालवली नाही.

यातलं काही बाईंना सांगितलं नाही.
प्रूफाच्या पाठीवर फक्त लिहून दाखवलं:
ती दिलेली आहे.
ती दिलेली आहेत.
बाई एक आणि वस्तू अनेक,
शब्द तोच. फरक शेवटच्या एका ‘त’चा.

बाईंनी चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला.
‘सेम,’ म्हणाल्या. ‘अगदी सेम.
डेटा. दिलेली एकटी बाई,
नाहीतर दिलेल्या पुष्कळ वस्तू.
फादर शिकवायचे तेव्हा आम्ही हसायचो.’
खारीचा तुकडा कपात तळाला गेला.
त्यांचं लक्ष नव्हतं.

खालून कल्लाप्पा: छापू का हो?
गल्लीतून त्याचा पोरगा: डेटा संपला!
पुल्लिंगी, एकवचनी, दीड जीबी.

इंग्रजी पानावर मी ‘आर’ राहू दिला.
हुक्केरींना काय सांगायचं ते सोमवारी बघू.
कन्नड पान माझ्याकडं नसतं,
ते सुलक्काचा धाकटा तपासतो, वर्षभर झालं.
मराठी पानावर एकच ओळ उरली होती:
‘माहिती सोबत दिलेली आहे.’
माहिती. स्त्रीलिंगी, एकवचनी, बिनचूक.
तरी त्या ‘आहे’च्या पुढं,
‘त’ मावेल एवढ्या कोऱ्या जागेवर
पेन्सिलीचं टोक
मी थोडा वेळ टेकवून ठेवलं.